लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर : एका विस्मृत मराठी वैमानिकाची ओळख

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून पाठवा, असे संपादकांचे पत्र मला भोपाळला मिळाले तेव्हा पहिल्यांदा मनात आली ती नेहमीचीच नावे. लोकमान्य टिळक, आगरकर, महर्षी कर्वे. परंतु या थोरांवर आपल्या अंकात दरवर्षी कोणी ना कोणी लिहीतच असते, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिते. म्हणून मी आज एका अशा मराठी तरुणाची हकीकत सांगणार आहे, की ज्याचे चित्र भारत सरकारच्या टपाल तिकिटावर आहे, आणि तरीही ज्याचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. त्याच्या चरित्राकडे मी वळलो ते मात्र एका घरगुती कारणाने. ते आधी सांगितले पाहिजे.

माझे वडील आयुष्याची शेवटची सहा वर्षे माझ्याजवळ भोपाळला राहिले. त्यांचा जन्म सीमाभागातल्या खेड्यातला. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने भांडण करणारा हा माणूस. ते गेल्यावर मृत्यूचा दाखला हाती आला तेव्हा त्यावर त्यांचे आडनाव चुकलेले होते. आमच्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. हिंदी मुलखात हे ‘कर’ पुष्कळदा तुटते, कधी त्याचा ‘कार’ होतो, कधी ते गळूनच जाते. दाखल्यावर ते गळले होते, आणि जे उरले होते ते आमच्या गावाचे नावही नव्हते आणि आमचेही नव्हते. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार असे सगळे लागणार होते. गेलेला माणूस गेला, आता एका अक्षराने काय बिघडते, असे म्हणून मी तो कागद कपाटाच्या खणात ठेवून दिला.

पुढे काही महिन्यांनी माझ्या एका सहकाऱ्याने आपला तिकिटांचा संग्रह दाखवायला आणला. त्यांत २०१९ साली टपाल खात्याने पहिल्या महायुद्धातील भारतीय वैमानिकांवर काढलेली चार तिकिटे होती. सरदार हरदितसिंग मलिक, इंद्रलाल राय, एरॉल सेन, आणि चौथे श्रीकृष्ण वेलिंकर. पहिले शीख, दुसरे-तिसरे बंगाली. चौथे नाव वाचून मी थबकलो. हे तर आपल्यातलेच आडनाव! मग मिळेल तेथून मी त्यांची माहिती जमवीत गेलो. ती फार नाही. तेविसाव्या वर्षी संपलेल्या आयुष्याची असणार तरी किती? पण जी आहे ती विसरण्याजोगी नाही.

श्रीकृष्ण वेलिंकर यांचा जन्म १८९४ सालचा, मुंबईचा. वेलिंकर किंवा वेलिंगकर या आडनावाची मंडळी आपले मूळ गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील वेलिंग या गावाशी सांगतात. लक्ष्मीनृसिंहाच्या देवळामुळे ते गाव प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या ‘कर’ लागलेल्या आडनावांचा हाच गुण आहे. माणूस कोठेही गेला तरी त्याचे गाव त्याच्या नावात बसून त्याच्याबरोबर प्रवास करते. या तरुणाबरोबर ते मुंबईहून इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठातील जीझस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी विलायतेस शिकायला जाणारा मराठी मुलगा बहुधा बॅरिस्टर होऊन किंवा आय. सी. एस. होऊन परत येई. यांच्या नशिबी मात्र वेगळेच होते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. तेव्हा विमान ही वस्तू जेमतेम अकरा वर्षांची होती. राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले ते १९०३ साली. लाकडाच्या सांगाड्यावर ताणलेले कापड, तारांनी आवळलेले पंख आणि पुढे एक इंजिन, एवढाच तो सगळा संसार. सुरुवातीस त्याचा उपयोग शत्रूच्या खंदकांची टेहळणी करण्यापुरता होता. पण टेहळणी करणाऱ्याला हुसकावण्यासाठी दुसरा आला, त्याने बंदूक आणली, मग यंत्रतोफ आली, आणि १९१५ च्या सुमारास फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडण्याची युक्ती जर्मनांच्या विमानांवर बसली. तेथून लढाऊ वैमानिक नावाची एक नवीनच जात जन्माला आली.

या जातीत हिंदी माणसाला प्रवेश मिळणे सोपे नव्हते. ब्रिटिश सैन्यात राजाची सनद मिळवून अधिकारी व्हायचे तर उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा, अशी अट होती. लाखो हिंदी शिपाई फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात लढत होते, मरत होते. पण त्यांच्यातला कितीही शूर माणूस सुभेदार-मेजरच्या पुढे जाऊ शकत नसे. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या हरदितसिंग मलिकांना स्वयंसेवक म्हणूनही कोणी घेईना, तेव्हा त्यांनी फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालविली. शेवटी त्यांच्या इंग्रज शिक्षकाने वरिष्ठ सेनापतीला पत्र लिहिल्यावर १९१७ च्या एप्रिलमध्ये त्यांना रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये घेण्यात आले. पगडी उतरवायला ते तयार नव्हते, म्हणून पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्यांनी मुद्दाम करून घेतले. याच सुमारास, १९१७ मध्ये, सेन, राय आणि आपले वेलिंकर यांनाही या दलात प्रवेश मिळाला. हिंदी लोकांना राजाची सनद देण्यास सरकारने तत्त्वतः मान्यता दिली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

विद्यार्थी मित्रहो, येथे एक प्रश्न आपल्यापैकी कोणीतरी विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. ज्या साम्राज्याने आपल्याला गुलाम केले त्याच्यासाठी हा मुलगा का लढला? मलाही हा प्रश्न पडला. याचे उत्तर देताना त्या वेळची हवा ध्यानात घ्यावी लागते. १९१८ च्या उन्हाळ्यात खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडून सैन्यभरती करीत होते. टिळकांचे म्हणणे असे की, सैन्यभरतीला आमची ना नाही, परंतु आम्हांला बरोबरीने वागवा, आमच्या मुलांना अधिकाऱ्यांच्या जागा द्या, स्वराज्याचे बोला. १० जून १९१८ रोजी मुंबईस गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद बोलाविली. तीत टिळक स्वराज्याविषयी बोलू लागताच गव्हर्नरांनी त्यांना अडविले, आणि टिळक सभा सोडून बाहेर पडले. ज्या अधिकारासाठी मुंबईच्या सभेत टिळक झगडत होते, तो अधिकार मुंबईचाच एक तेवीस वर्षांचा मुलगा त्या क्षणी फ्रान्सच्या आकाशात सिद्ध करून दाखवीत होता. हिंदी माणूस नेतृत्व करू शकत नाही, त्याच्या हाती यंत्र देता येत नाही, या समजाला त्या चौघांनी दिलेले उत्तर कोणत्याही भाषणापेक्षा कमी नव्हते. त्यांच्या मनात नेमके काय होते हे त्यांचे त्यांना ठाऊक. त्यांनी केलेले काम मात्र आपल्यापुढे आहे.

वेलिंकरांची नेमणूक २३ व्या स्क्वाड्रनमध्ये झाली. १९१८ च्या वसंतात या तुकडीला सॉपविथ डॉल्फिन जातीची नवी लढाऊ विमाने मिळाली होती. या विमानाची घडण मोठी विचित्र होती. दोन मजली पंखांच्या विमानात वरचा पंख सामान्यतः पुढे असतो. डॉल्फिनमध्ये तो खालच्या पंखाच्या मागे सरकविलेला होता, आणि त्याच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून वैमानिकाचे डोके वर निघत असे. त्यामुळे वरचे, पुढचे, आजूबाजूचे सगळे आकाश त्याला दिसे. इंजिन दोनशे अश्वशक्तीचे, दोन यंत्रतोफा पुढे आणि शिवाय वरच्या बाजूस आणखी बसविण्याची सोय. वीस हजार फुटांच्या आसपासच्या विरळ हवेतही ते चांगले चाले. पण जो गुण तोच दोष. उतरताना विमान उलटले तर सगळा भार प्रथम वैमानिकाच्या डोक्यावर यायचा. तेवढ्या उंचीवर थंडीने हात गोठत, आणि इंजिनाचे दंतचक्र केव्हा दगा देईल याचा नेम नसे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. या वैमानिकांजवळ हवाई छत्री नव्हती. छत्रीचा शोध लागला नव्हता असे नव्हे. फुग्यांतून टेहळणी करणाऱ्यांना ती दिली जात होती. परंतु विमान चालविणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना ती मिळाली नाही. जर्मनांनी मात्र १९१८ साली आपल्या लढाऊ वैमानिकांना छत्र्या देण्यास सुरुवात केली. त्यांचा नामांकित वैमानिक एर्न्स्ट उडेट २९ जून १९१८ रोजी विमान निकामी झाल्यावर छत्रीने उडी मारून वाचला. त्याच्या दोनच दिवस आधी आपले वेलिंकर पडले होते.

त्या वर्षी २१ मार्चला जर्मनांनी पश्चिम आघाडीवर प्रचंड चढाई केली. ब्रिटिश सैन्य मागे हटत हटत आमियां शहराच्या वेशीपर्यंत आले, आणि तेथे कशीबशी आघाडी स्थिरावली. याच भागात २१ एप्रिल रोजी जर्मनीचा सर्वांत मोठा लढाऊ वैमानिक मान्फ्रेट फोन रिश्टहोफेन मारला गेला. लाल विमानातून लढणाऱ्या या पंचवीस वर्षांच्या तरुणाने ऐंशी विमाने पाडली होती. तो ब्रिटिशांच्या हद्दीत पडला, आणि ज्यांचे इतके सोबती त्याने मारले त्याच शत्रूच्या वैमानिकांनी दुसऱ्या दिवशी आमियांजवळच्या बेर्तांगल गावी त्याला लष्करी मानवंदनेने मूठमाती दिली. खंदकांतल्या चिखलात जी माणुसकी उरली नव्हती ती आकाशात लढणाऱ्यांनी थोडीशी जपली होती. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे याचाच संबंध येणार आहे.

२७ जून १९१८ रोजी वेलिंकर आपल्या डॉल्फिनमधून पेरोन आणि आमियां यांच्या दरम्यानच्या भागात गस्तीवर गेले. तेथे शत्रूच्या विमानांशी गाठ पडली. ते परत आले नाहीत. दलाच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे बेपत्ता असा शेरा पडला, आणि तेवढीच बातमी त्यांच्या आप्तांच्या हाती राहिली.

मृत्यूची बातमी वाईटच, पण बेपत्ता या शब्दाची यातना निराळी. रडावे तर अशुभ, न रडावे तर मन मानत नाही. पत्र येईल, कैदेतून निरोप येईल, ही आशा त्या शब्दात अडकलेली असते. तिला खोटे म्हणण्याचेही कारण नव्हते. वेलिंकरांच्याच चौघांतले एरॉल सेन आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात असेच बेपत्ता झाले होते. ते जर्मनांच्या कैदेत जिवंत निघाले आणि युद्ध संपल्यावर परत आले. मलिकांच्या विमानाला एका लढाईत चारशेहून अधिक गोळ्या लागल्या, पाय जायबंदी झाला, तरी ते वाचले, पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले आणि १९८५ पर्यंत जगले. तिसरे इंद्रलाल राय. हा तर एकोणीस वर्षांचा मुलगा. १९१८ च्या जुलैत तेरा दिवसांत त्यांनी दहा विजय मिळविले, आणि २२ जुलैला ते स्वतः पडले. मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळविणारे ते हिंदी वैमानिक. फ्रान्समधील त्यांच्या समाधीवर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत.

वेलिंकरांचे काय झाले हे उलगडले ते युद्ध संपल्यावर. ते पडले त्याच क्षणी मरण पावले नव्हते. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले. रूव्रुआ येथे जर्मनांचे शुश्रूषाकेंद्र होते, तेथे त्यांना नेण्यात आले. तीन दिवसांनी, ३० जून १९१८ रोजी, तेथेच त्यांचा अंत झाला. जर्मनांनी त्यांना रीतसर पुरले आणि वर नावही लिहिले. पण ते नाव होते ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर.

या वुमकर नावाचा कोणी अधिकारी ब्रिटिशांच्या यादीत नव्हता, आणि वेलिंकर नावाची समाधी कोठे सापडत नव्हती. दोन कागद समोरासमोर ठेवून कोणीतरी विचार करीपर्यंत हा मुलगा दोन नावांच्या मधल्या पोकळीत हरवलेला होता. पुढे चौकशीअंती वुमकर म्हणजेच वेलिंकर हे निश्चित झाले. आज त्यांची समाधी सोम विभागातील आंगार या खेड्याच्या दफनभूमीत आहे, आणि तिच्यावर त्यांचे खरे नाव आहे.

ही चूक कशी झाली असेल याचा मी पुष्कळ विचार केला. रोमन लिपीत हे आडनाव हाताने, जोडून लिहून पाहा. मधल्या तीन-चार अक्षरांच्या उभ्या रेघा एकमेकींत मिसळतात, आणि घाईने वाचणाऱ्याला तेथे ‘यू’ आणि ‘एम’ दिसणे अगदी शक्य आहे. मरणाऱ्या माणसाच्या खिशातल्या एखाद्या कागदावरून कोणा जर्मन कारकुनाने ते उतरविले असावे, असे मला वाटते. त्याला दोष कसा द्यावा? वेलिंग कोठे आहे, ‘कर’ म्हणजे काय, हे त्याला कोण सांगणार? आमच्या भोपाळजवळच्या बैरागढला दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांच्या छावण्या होत्या. त्या मुलांची लांबलचक नावे छावणीच्या नोंदवहीत कशी उतरली असतील, याची कल्पना करवत नाही. कारकून सगळीकडे सारखाच.

उलट त्या अनोळखी कारकुनाचे मला कौतुकच वाटते. त्याने नाव चुकविले, पण हुद्दा लिहिण्यास तो विसरला नाही. लेफ्टनंटपद मिळविण्यासाठी हिंदी तरुणांना स्वतःच्या बाजूच्या लोकांशी वर्षानुवर्षे झगडावे लागले होते. शत्रूने मात्र या सावळ्या परदेशी मुलाच्या उशाशी, काही विचारपूस न करता, अधिकाऱ्याचा हुद्दा लिहिला. त्या हुद्द्यामुळे आणि त्या अर्ध्यामुर्ध्या नावामुळेच पुढे शोध लागू शकला. काहीच लिहिले नसते, तर तोही अज्ञात सैनिकांच्या हजारो समाध्यांतला एक झाला असता.

या चौघांनी जी वाट पाडली तिच्यावरून पुढे बरेच चालले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी विमानदलाची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातले तरुण लढले. त्यांतलेच एक मुंबईचे हृषीकेश मुळगावकर. त्यांनी काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र मिळविले, आणि १९७६ पासून १९७८ पर्यंत ते भारतीय वायुदलाचे प्रमुख होते. वेलिंकरांना ज्या दाराशी अडविले जात होते, त्याच्या आतल्या सर्वोच्च खुर्चीवर साठ वर्षांच्या आत मुंबईचाच एक मराठी माणूस बसला. एवढे पाहिल्यावर त्या तेवीस वर्षांच्या आयुष्याला अपुरे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ही सगळी हकीकत जुळवून झाल्यावर एका रविवारी मी कपाटाचा खण उघडला आणि वडिलांचा दाखला बाहेर काढला. फ्रान्समधल्या एका खेड्यात शत्रूने चुकीचे लिहिलेले नाव दुरुस्त करण्यासाठी कोणीतरी कागद चाळीत बसले होते, आणि येथे माझ्याच घरात, माझ्याच बापाचे नाव, मी केवळ कंटाळ्यापायी चुकीचे राहू दिले होते. सोमवारी रजा टाकली. अर्ज केला, प्रतिज्ञापत्र केले, साक्षीला तिकिटांचा संग्रह करणारे सहकारी आले. पाच खेपा झाल्या. शेवटच्या खेपेस टेबलामागच्या गृहस्थांनी मला विचारले, यह ‘कर’ क्या होता है साहब? मी त्यांना सांगितले की, ते आमच्या गावाचे टोक आहे, तेवढ्याला धरून आम्ही परत जातो. ते हसले, आणि त्यांनी नाव माझ्याकडून एकेक अक्षर विचारून घेऊन लिहिले. नव्या दाखल्यावर वडिलांचे नाव बरोबर आहे.

आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. दोन्ही विभागांत लिहिणाऱ्या मुलामुलींच्या नावांत कोठले ना कोठले गाव दडलेले आहे. तुम्ही नोकरीसाठी, शिक्षणासाठी दूर जाल, आणि तेथे तुमची नावे चुकतील. राग मानू नका, पण चूक तशीच राहूही देऊ नका. आणि कधी कोणी दुसऱ्याचे नाव तुमच्याकडून लिहून घेऊ लागला, तर त्याला एकदा विचारून मगच लिहा.